निवांत वाचतो

आमच्या हॉलच्या दारामागे एक खिळा आहे. छत्री, बाजाराची पिशवी आणि नवऱ्याचा रेनकोट, एवढ्यांचाच त्याच्यावर हक्क. मागच्या वर्षी सप्टेंबरात तिथे चौथं बिऱ्हाड आलं आणि जानेवारीपर्यंत राहिलं. राम मारुती रोडवरच्या एका साडीच्या दुकानाची जाड कापडी पिशवी, आणि आत एफवाय बीकॉमच्या ११८ असाइनमेंट्स. प्रत्येकी चार-पाच फुलस्केप, कोपऱ्यात स्टेपल, काहींना हौसेने प्लॅस्टिकचं फोल्डर. दिवाळीच्या साफसफाईत रद्दीवाला आला तेव्हा गंमत म्हणून ती पिशवी त्याच्या काट्याला अडकवून पाहिली. तीन किलोला जरा कमी भरली. "देऊन टाकताय का ताई?" त्याने विचारलं. मी ती घाईघाईने परत खिळ्याला लावली.

सासूबाई पहिले पंधरा-वीस दिवस काही बोलल्या नाहीत. मग एका संध्याकाळी मेथी निवडता निवडता म्हणाल्या, "अगं, तुझी ती जुडी कधी निवडायचीये? पिवळी पडेल."

मी नेरूळच्या बाजूच्या एका कॉलेजात अर्थशास्त्र शिकवते. राहायला ठाण्यात, नौपाड्यात. त्यामुळे ही पिशवी अधूनमधून माझ्याबरोबर ट्रान्सहार्बरच्या गाडीने फिरूनही यायची. ऐरोलीला खिडकी मिळाली की काढू, कोपरखैरण्यापर्यंत चार होतील, असे हिशेब करत मी ती घेऊन निघायचे. संध्याकाळी ती जशीच्या तशी परत. जड पिशवी उचलून नेली की निम्मं काम झाल्यासारखं वाटतं, हा अनुभव शिक्षकांना वेगळा सांगायला नको.

असाइनमेंट मीच मोठ्या उत्साहाने दिली होती. घराजवळचा कुठलाही एक विक्रेता निवडा. भाजीवाला, फूलवाली, वडापावची गाडी, कुणीही. त्याच्याकडे दिवसातून तीनदा जा, सकाळी, दुपारी आणि रात्री. भाव कसा बदलतो ते पाहा आणि का बदलतो ते त्यालाच विचारा. पुस्तकातली व्याख्या उतरवलीत तर गुण कापेन. मुलांनी खरोखर फिरून लिहिलं होतं. म्हणजे निम्म्यांनी तरी. उरलेल्यांनी एकाच भाजीवाल्याला आळीपाळीने गाठलं असावं, कारण सानपाड्यातला एक गृहस्थ अकरा असाइनमेंट्समध्ये शब्दशः तेच बोलत होता.

आता कबुली द्यायची तर, गुण मी वेळेत दिले होते. गुण भरायचं पोर्टल ऑक्टोबरात बंद होणार होतं. त्याच्या आधीच्या दोन रात्री मी ११८ कागद भराभर चाळले, वीसपैकी आकडे टाकले, यादी चढवली, आणि मेसेज आला की आपली माहिती यशस्वीरीत्या जमा झाली आहे. शेरे तेवढे राहिले. ते सुट्टीत लिहू, निवांत.

त्यानंतर त्या शेऱ्यांबद्दल मला कुणीही विचारलं नाही. प्राचार्यांनी नाही, विभागप्रमुखांनी नाही. कॉलेजांना दर्जा देणाऱ्या नॅकच्या फाइलला गुणांची यादी पुरते. आणि मुलांनीही विचारलं नाही, हे मात्र मला लागलं. वीसपैकी चौदा का, सतरा का, पंधरा का, हे एकालाही जाणून घ्यावंसं वाटलं नसेल? वाटलं असेल. पण कॉलेजात दिलेला कागद परत येत नसतो, हे ती पोरं पहिल्या तीन महिन्यांतच शिकलेली असतात.

शाळेत असं नव्हतं. निदान माझ्या शाळेत. आमच्या बाई वही तपासायच्या ती टेबलाभोवतीच्या घोळक्यात. लाल पेन वरून खाली सरसर जायचं, मधेच थबकायचं आणि बाई मान वर न करता म्हणायच्या, "'आणि'मधला 'णि' ऱ्हस्व. कितीदा सांगू?" सोबत एक टपली. शेरा वहीत उतरायच्या आधीच डोक्यात, म्हणजे डोक्यावर, बसलेला असायचा. बाईंचं शिक्षणशास्त्र काही फार थोर नव्हतं. पण मी लिहिलं आणि एका माणसाने ते माझ्यासमोर वाचलं, एवढं नक्की घडायचं. पन्नास पोरांचा वर्ग होता, पंचवीस-पंचवीस वह्या दोन तासांत संपवायच्या. पुढे कॉलेजात गेल्यावर ते लाल पेन जे गायब झालं, ते थेट मार्कशीटलाच भेटलं. मधे सगळी शांतता.

माझ्या आयुष्यातला सर्वांत लांब निबंध त्या शांततेतच गेला. ती हकिकत सांगते.

माझे बाबा वागळे इस्टेटमध्ये एका कंपनीत लेथवर टर्नर होते. एमआयडीसी स्थापन झाली १९६२ साली, आणि तिची पहिली वसाहत म्हणजे आमचं वागळे इस्टेट. आमच्या लहानपणी तिथला भोंगा हे ठाण्याच्या अर्ध्या घरांचं घड्याळ होतं. नव्वदच्या दशकात एकेक गेट बंद होत गेलं. बाबांची कंपनी १९९६ ला बंद पडली. आमच्या गल्लीत त्याच कंपनीतले आणखी चौघं राहायचे. एकाने रिक्षा घेतली. एकाने जांभळी नाक्यावर कांदे-बटाटे विकायला सुरुवात केली. एक गावाला गेला. एक आपल्याच बंद कंपनीच्या गेटवर वॉचमन म्हणून उभा राहिला. बाबा मिळेल त्या वर्कशॉपमध्ये रोजावर जायचे. घरात त्यांचा बारीक मापं घ्यायचा मायक्रोमीटर होता, स्वतःच्या पैशाने घेतलेला, फ्लॅनेलमध्ये गुंडाळून कपाटात ठेवलेला. कंपनी गेल्यावरही खंडेनवमीला तो बाहेर निघायचा. बाबा त्याला तेलाचं बोट लावायचे, पाटावर ठेवायचे, आणि हळदकुंकू वाहताना स्क्रूच्या आट्यांत कुंकू जाणार नाही एवढी काळजी घ्यायचे.

१९९८ मध्ये मी टीवायला होते. आमच्या सरांनी वर्गात सांगितलं, ज्यांना आपल्या भागातल्या अर्थव्यवस्थेवर काही लिहावंसं वाटतं त्यांनी लिहून द्या. गुण नव्हते, तारीख नव्हती. मी त्या पाच जणांशी बोलून चौदा पानं लिहिली. बाबांनाही प्रश्न विचारले. बापाला समोर बसवून "तुम्हाला शेवटचा पगार किती मिळाला?" असं विचारणं सोपं नव्हतं, पण वही हातात होती म्हणून विचारता आलं, आणि वही होती म्हणून त्यांनी उत्तरही दिलं. झेरॉक्स काढायचा विचार मनात येऊन गेला. चौदा पानांना चौदा रुपये. परत मिळणारच होता निबंध, म्हटलं कशाला उगाच.

सरांनी पानं चाळली. पहिलं पान वाचलं, दुसरं अर्धं वाचलं. चेहरा बदललेला मला दिसला. "अरे वा," ते म्हणाले, "हे निवांत वाचतो."

मग मी स्टाफरूमच्या दाराशी जाऊन उभी राहायची. आत जायचं धाडस नाही, तोंडाने विचारायचं तर त्याहून नाही. सरांना दिसेल अशा बेताने पॅसेजमधून जायचं, एवढाच तगादा. सर हसायचे. परीक्षा आली, निकाल लागला, मी कॉलेज सोडलं.

सहा-सात वर्षांनी तलावपाळीवर सर भेटले. निवृत्त झाले होते, संध्याकाळच्या फेरीला निघालेले. मला ओळखलं, आणि मी काही बोलायच्या आत स्वतःच म्हणाले, "तुझा तो वागळे इस्टेटचा निबंध. फार चांगला होता गं. आहे माझ्याकडे कुठेतरी. निवांत वाचायचा राहूनच गेला." वाचायचा राहिला आणि फार चांगला होता, ही दोन वाक्यं एका श्वासात कशी नांदतात ते तेव्हा कळलं नाही. थोडा रागच आला. नंतर बाबा गेले. त्यांनी त्या दिवशी सांगितलेल्या गोष्टींपैकी मला आता तीन-चारच आठवतात. शेवटच्या पगाराचा आकडाही नाही.

पुढे मी स्वतः टेबलाच्या पलीकडे गेले. पहिली काही वर्षं तासिका तत्त्वावर. म्हणजे जितके तास शिकवाल तितक्या तासांचे पैसे. तपासायला लागणारा वेळ हा तास नव्हे. दोन कॉलेजांत मिळून दिवसाला पाच तास घेऊन घरी आल्यावर कुणाच्या वहीवर दोन ओळी लिहायच्या, तर त्या माझ्या झोपेतून. बाहेरून मास्तर आळशी दिसतो, आणि काही असतातही, स्टाफरूममध्ये दहा मिनिटं बसलं की नावं सांगता येतात. पण वर्गात १२० मुलांची तुकडी घालायची आणि मग प्रत्येकाला वैयक्तिक मार्गदर्शनाची अपेक्षा ठेवायची, ही गंमतच आहे. साधं गणित करून बघा. ११८ कागद, एकेकाला दहा मिनिटं. एकोणीस तास चाळीस मिनिटं. ही एका विषयाची, एका तुकडीची, एकदाच दिलेली असाइनमेंट.

तरी गुण वेळेत लागतात, कारण गुणांच्या मागे कायदा उभा आहे. महाराष्ट्राच्या २०१६ च्या सार्वजनिक विद्यापीठ कायद्यात लिहिलंय की परीक्षा संपल्यापासून तीस दिवसांत निकाल लावायचा प्रयत्न करावा, आणि कोणत्याही परिस्थितीत पंचेचाळीस दिवसांच्या आत लावावा. ही मुदत हुकली तर काय होतं तेही आपण पाहिलंय. २०१७ च्या उन्हाळी परीक्षांना मुंबई विद्यापीठाने सगळ्या उत्तरपत्रिका स्कॅन करून संगणकाच्या पडद्यावर तपासायचं ठरवलं. १७ लाखांहून जास्त उत्तरपत्रिका. तयारी अपुरी, व्यवस्था नवी. राज्यपालांनी ३१ जुलैची मुदत घालून दिली, तीही गेली, शेवटचे निकाल लागेपर्यंत सप्टेंबर उजाडला. पोरांचे पुढचे प्रवेश लटकले, वर्तमानपत्रं रोज आकडे छापत होती, प्रकरण हायकोर्टात गेलं आणि ऑक्टोबरात कुलगुरूंना पदावरून दूर केलं गेलं. निकालाला उशीर झाला तर एवढी उलथापालथ होते, आणि व्हायलाच हवी.

पण शेरा? त्याच्यासाठी कुठल्या कायद्यात किती दिवस आहेत? २०११ च्या ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की तपासलेली उत्तरपत्रिका ही माहितीच्या अधिकारातली माहिती आहे, परीक्षार्थी ती पाहू शकतो. मोठा निर्णय होता. आमच्याकडे मुलं पैसे भरून फोटोकॉपी काढतात. हातात येतं काय, तर आपलंच अक्षर, आणि त्याच्या बाजूला आकडे. चार. साडेतीन. शून्य. ज्या प्रश्नाला सातपैकी साडेतीन मिळाले तिथे उरलेले साडेतीन कुठे सांडले, हे त्या कागदावर नसतं. पेपर तपासायला बसलेल्या आम्हा लोकांना ते लिहायचंही नसतं. गठ्ठा उघडायचा, आकडे टाकायचे, बेरीज करायची, पहिल्या पानावर चढवायची, वरून नजर टाकणाऱ्या मॉडरेटरकडे सरकवायचा. पडद्यावर आल्यापासून तर बेरीजही आपोआप होते. मी त्याविरुद्ध तक्रार करत नाहीये. मला बेरीज कधीच नीट जमली नाही.

मात्र माझ्या पिशवीचं खरं कारण यातलं कुठलंच नव्हतं. एकोणीस तास चाळीस मिनिटं नव्हती असं नाही. त्या चार महिन्यांत मी एक अख्खी मालिका बघून संपवली, भाचीच्या लग्नात चार दिवस नाचले. खरं कारण मला डिसेंबरच्या शेवटी कळलं, एकदाची जमिनीवर फतकल मारून पिशवी उलटी केली तेव्हा.

वाईट असाइनमेंट दोन मिनिटांत होते. "व्याख्या नको, निरीक्षण हवं." पुढची. सानपाड्याच्या भाजीवाल्याच्या अकरा जणांना तर एकच वाक्य अकरा वेळा लिहिलं: "भाजीवाल्याला माझा नमस्कार सांगा." मध्यमांना चार मिनिटं. पण अधूनमधून एखादा कागद असा यायचा की दुसऱ्या परिच्छेदाला मी ताठ बसायचे. याच्यावर नीट लिहायला हवं, असं वाटायचं. दोन ओळींत उरकणं म्हणजे त्या पोराचा अपमान. मग तो कागद मी बाजूला ठेवायचे. ऑक्टोबरात चाळतानाही मी हेच केलं होतं, कारण पिशवीच्या तळाशी क्लिप लावलेला नऊ कागदांचा वेगळा गठ्ठा होता. सगळ्यांत चांगले नऊ. उजव्या कोपऱ्यात माझ्याच अक्षरात, पेन्सिलने: निवांत.

म्हणजे माझ्या वर्गात ज्याने सगळ्यांत जीव ओतून लिहिलं, त्याला सगळ्यांत शेवटी उत्तर मिळणार होतं. किंवा मिळणारच नव्हतं. त्या जमिनीवर बसल्या बसल्या मला तलावपाळीवरचे सर दिसले, आणि त्यांची ती दोन न जुळणारी वाक्यं एकदम जुळली.

त्या नऊंत सर्वांत वरचा कागद दिवाळ्याच्या कोळीवाड्यातल्या एका मुलीचा होता. बेलापूरहून येणारी, मागच्या बाकावर बसणारी, वर्गात तोंड उघडलेलं मला आठवत नाही. तिने लांब जायचा त्रास घेतला नव्हता, आईच्याच मासळीच्या पाटीबद्दल लिहिलं होतं. मराठी तिचं तिचं होतं, मी दुरुस्त केलं नाही.

"सकाळी बोंबलाचा वाटा शंभरला. दुपारी शंभरला. रात्री नऊ वाजता पण शंभरलाच. म्हणून मला आधी वाटलं भाव बदलतच नाय. मग मी मोजले. सकाळी वाट्यात नऊ बोंबील होते, दुपारी अकरा, रात्री पंधरा. आई बोलते भाव पाडला तर उद्या गिऱ्हाईक सकाळी सकाळी कालचा रातचा भाव मागतं. वाट्यात किती होते ते कोण लक्षात ठेवत नाय."

मी हे तीनदा वाचलं. पाच रुपयांचा बिस्किटाचा पुडा वर्षानुवर्षं पाच रुपयांनाच राहतो आणि आतली बिस्किटं कमी होत जातात, हे आम्ही वर्गात मोठ्या थाटात शिकवतो. कंपनी भाव चढवते पण चढवल्याचं दिसू देत नाही. इथे एक बाई तेच उलट्या दिशेने करत होती. भाव उतरवत होती आणि उतरवल्याचं दिसू देत नव्हती, कारण तिला उद्याही त्याच जागी बसायचं होतं. आणि अठरा वर्षांच्या मुलीने ते बोंबील मोजून पकडलं होतं. मला तिला हे सगळं सांगायचं होतं. एक पान भरून. शिवाय एक प्रश्न विचारायचा होता: रात्रीचे पंधरा तू स्वतः मोजलेस, की आईने अंदाजे सांगितले? कारण त्यावर पुष्कळ काही अवलंबून होतं. नेहमीच्या गिऱ्हाइकाला पंधरा आणि नवख्याला तेरा, असं होत असेल तर गोष्टच वेगळी.

मी ते पान लिहिलं. दोन्ही बाजूंनी. जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात कागद वाटले. तोवर सत्र बदललं होतं, विषयाचा दुसरा पेपर सुरू झाला होता, वीसपैकी अठरा हे तिच्या मार्कशीटमध्ये केव्हाच विरघळून गेले होते. तास संपल्यावर ती टेबलाशी आली. कागद हातात.

"मॅडम, हे मी लिहिलंय?"

"तूच. अक्षर ओळखत नाहीस?"

ती वाचत राहिली. मग माझ्या प्रश्नावर बोट ठेवून म्हणाली, "मला आता आठवत नाय मॅडम, मी मोजलेले का आईने सांगितलं."

"मग आज रात्री मोज ना," मी म्हटलं. माझ्या आवाजात जरा जास्तच उत्साह होता.

"आई नाय बसत आता. दिवाळीपासून. गुडघे गेलेत तिचे. मावशी बसते, ती काट्यावर विकते."

एवढं बोलून ती "थँक्यू मॅडम" म्हणाली, कागदाची नीट घडी घालून बॅगेत ठेवला आणि गेली. वर्ग रिकामा झाला. पंखा चालूच होता, तो बंद करून मीही निघाले.

या सगळ्यात मी फक्त टेबलाच्या एकाच बाजूला आहे असं समजू नका. पंचेचाळिशी उलटल्यावर मी पीएचडीला नाव घातलंय. विषय ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या बंद कारखान्यांचे कामगार, म्हणजे एका अर्थी ती हरवलेली चौदा पानंच मी पुन्हा लिहितेय, फक्त या वेळी तळटीपांसकट. माझं तिसरं प्रकरण मार्चपासून गाइडकडे आहे. गाइड सज्जन आहेत, विद्वान आहेत आणि बेसुमार व्यग्र आहेत. नियमाने प्राध्यापकाला एका वेळी आठ संशोधक घेता येतात, सहयोगी प्राध्यापकाला सहा, सहायकाला चार. मी त्या आठांतली एक. प्रबंध जमा केल्यावर सहा महिन्यांत त्याचं मूल्यमापन पुरं व्हावं, असा यूजीसीचा नियम आहे. दर सहा महिन्यांनी समितीपुढे प्रगती मांडायची, तोही आहे. पण मधलं एक प्रकरण मार्गदर्शकाने किती दिवसांत वाचावं, याला तारीख नाही. इथेही नाही.

पहिल्या महिन्यात मी मेल केला. दुसऱ्या महिन्यात व्हॉट्सॲपवर "सर, सवडीने बघावं" असं लिहिलं, आणि पाठवताच 'सवडीने' हा शब्द आपण आपल्याच पायावर मारून घेतलाय हे लक्षात आलं. त्यानंतर मी सणांचा आधार घेतला. गुरुपौर्णिमेला वंदन, गणपतीच्या शुभेच्छा, दसऱ्याचं सोनं. प्रत्येक शुभेच्छेच्या पाठीमागे प्रकरण तिसरं लपलेलं. सरांकडून जोडलेले हात येतात. एकदा लिहिलं, "छान चाललंय तुमचं. निवांत बोलू." मी सोफ्यावर बसले होते. समोर दार, दारामागे तो खिळा. मी काय बोलणार?

नवऱ्याला वाटतं मी थेट फोन करावा. तो बँकेत आहे, त्याच्याकडे रात्री खाती जुळल्याशिवाय कुणी घरी जात नाही. त्याला कसं सांगू की ज्या माणसाच्या मताची किंमत वाटते त्याला तगादा लावता येत नाही. आपण दारावरून जातो, तो हसतो.

यंदा जूनमध्ये मी पद्धत बदलली. फार मोठं काही नाही. ११३ मुलं आहेत, त्यांचे रोल नंबरप्रमाणे सहा गट केले. एका आठवड्यात एकाच गटाने लिहून द्यायचं, पुढच्या आठवड्यात दुसऱ्या. म्हणजे माझ्याकडे कधीही वीसच्या वर कागद नसतात आणि आठव्या दिवशी ते परत जातात. स्टाफरूममध्ये एका सहकाऱ्याने आक्षेप घेतला. शेवटच्या गटाला पाच आठवडे जास्त मिळतात, ही समान संधी कशी? बरोबर होतं त्याचं. मी दर गटाचा प्रश्न थोडा वेगळा केला, आणि आक्षेप तसाच राहिला.

दुसरं, परत देताना गुण लिहीत नाही. फक्त दोन ओळी, त्यातली एक प्रश्न असते. गुण महिन्याच्या शेवटी, वेगळे. ही कल्पना माझी नाही. १९८८ साली इस्रायलमध्ये रूथ बटलर नावाच्या संशोधिकेने शाळकरी मुलांवर प्रयोग केला होता. काहींना नुसते शेरे, काहींना नुसते गुण, काहींना दोन्ही. नुसते शेरे मिळालेली मुलं पुढच्या वेळी सुधारली. दोन्ही मिळालेल्यांचं मात्र नुसते गुण मिळालेल्यांसारखंच झालं. आकडा दिसला की माणूस खाली वाचत नाही, हे मला स्वतःवरूनही माहीत आहे. रक्ताच्या रिपोर्टमध्ये मी शुगरचा आकडा पाहते आणि पान मिटते.

वर्गात पहिल्या दिवशी बंड झालं. "मॅडम, मार्क्स कुठेत?" "मॅडम, मार्क्स नाय म्हणजे फेल का?" एकाने तर शेरा वाचून हिशेब मांडला की 'बरं निरीक्षण' म्हणजे तेरा आणि 'चांगलं निरीक्षण' म्हणजे पंधरा, आणि हे दरपत्रक वर्गाच्या ग्रुपवर फिरलं. मग मी 'बरं' आणि 'चांगलं' लिहिणंच सोडलं. काही पोरं शेऱ्यातल्या प्रश्नाचं उत्तर घेऊन येतात. फार नाहीत. वीसातली पाच, कधी सहा. उरलेली कागद घेतात आणि कँटीनला जातात. जाऊ देत. मीही त्यांच्या वयात कँटीनलाच जायचे.

चांगला कागद आला की बाजूला ठेवायची हुक्की अजून येते. हात आपोआप पेन्सिलकडे जातो. आता मी तो सगळ्यांत आधी तपासते आणि दोनच ओळी लिहिते, मन मारून. उरलेलं सगळं पोटात राहतं. कधी वर्गात सांगते, कधी सांगायचं राहून जातं.

आणि लिहिते बहुतेक गाडीत. सकाळच्या नेरूळ गाडीला ठाण्याहूनच बसायला मिळतं, तेवढं भाग्य आहे. मांडीवर पर्स, पर्सवर पॅड, पॅडवर कागद. दिघा-ऐरोलीपर्यंत अक्षर ठीक असतं. रबाळ्याच्या पुढे गाडी वेग धरते आणि घणसोली येईपर्यंत माझं लिखाण मोडीत गेलेलं असतं. शेजारची बाई वाकून वाचते. मागच्या आठवड्यात तर एकीने विचारलं, "परीक्षेचे का? किती दिले?"

परवा तिसऱ्या गटाचे कागद वाटले. तुर्भ्याचा एक मुलगा टेबलाशी आला. वडील मार्केट यार्डात हमाल आहेत, त्याने पहाटे गाडी खाली होताना गोणीमागे मजुरी कशी ठरते त्यावर लिहिलं होतं. मी खाली लिहिलेल्या ओळीवर त्याने बोट ठेवलं.

"मॅडम, हा काय शब्द आहे?"

मी चष्मा वर करून पाहिलं, खाली करून पाहिलं. कागद लांब धरला.

"'कोण' असावा," मी म्हटलं. "मजुरी कोण ठरवतं? नाहीतर 'का' असेल. घणसोलीच्या जवळ लिहिलाय बहुतेक."

"चालेल मॅडम," तो म्हणाला आणि त्याने समोरची खुर्ची ओढली. "दोन्हीचं उत्तर येतं मला. आधी कोण ते सांगू?"